परक्या पंगतींत घरचा दाणा

माणसाची पारख करावयाची असेल तर त्यास पंगतींत बसवून पाहावें, असें आमची आजी म्हणत असे. आजीचें हें वचन आम्ही पुष्कळ वर्षें इतरांसच लावीत आलों. तें एके दिवशीं आमच्यावरच उलटेल, आणि तेंहि पुण्यास, एका कोरियन-जपानी खाद्यगृहांत, अशी कल्पना आम्हांस मुळींच नव्हती. त्या दिवशींच्या परीक्षेंत आम्ही उत्तीर्ण झालों असें म्हणवत नाहीं. तरीहि ती हकीकत वार्षिकाच्या वाचकांपुढें ठेवण्याचें धाडस करीत आहों. कारण नापास झालेल्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिकाच पुष्कळदां इतरांस अधिक शिकवून जाते.

आमचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झाला. औंढ्याचा नागनाथ, नरसीचे नामदेव आणि वसमतची हळद ही आमची मोठी दौलत. जेवण साधें: ज्वारीची भाकरी, तुरीचें वरण, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी. शेतांत मात्र आम्ही जें पेरतों तें ताटांत कधीं दिसत नाहीं. गेल्या तीस-चाळीस वर्षांत आमच्याकडील पावसाळी शिवार सोयाबीननें व्यापून टाकलें आहे. हें सोयाबीन आम्ही पेरतों, निंदतों, कापतों, मळणी यंत्रांतून काढून पोत्यांत भरतों, मोंढ्यांत नेतों आणि रिकामीं पोतीं काखेंत मारून घरीं येतों. त्याचा एक दाणाहि आमच्या चुलीवर चढत नाहीं. गिरणींत त्याचें तेल निघतें, आणि पेंड बहुतांशीं कोंबड्यांच्या व गुरांच्या खाद्यांत जाते. दुकानांतून आणलेल्या सोयाबीनच्या वड्यांची भाजी क्वचित् होते. परंतु त्या वडीचा आणि आपल्या शिवाराचा कांहीं संबंध असेल, हें कोणाच्या ध्यानींमनीं नसतें.

२०२४ सालच्या मार्गशीर्षांत बाबा व आम्ही रात्रीच्या बसनें पुण्यास गेलों. आमचे थोरले बंधु (यांस आम्ही दादा म्हणतों) पुण्याजवळील एका कारखान्यांत नोकरीस लागले होते. पुण्याच्या आसपास कोरियन व जपानी कंपन्यांनीं कारखाने काढल्यापासून त्या देशांची पुष्कळ माणसें तेथें येऊन राहिलीं आहेत, आणि त्यांच्या पाठोपाठ त्यांचीं खाद्यगृहेंहि आलीं आहेत. दादांचे वरिष्ठ अधिकारी कोरियन. त्यांच्या सहवासानें दादांस त्या लोकांच्या चालीरीतींची बरीच माहिती झाली होती. पहिल्या पगारांतून बाबांस कांहीं नवीन खाऊं घालावें, असें त्यांच्या मनांत होतें.

त्या दिवशीं सकाळीं दादांनीं आम्हांस सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यान दाखविलें. जपानांतील ओकायामा शहराच्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर तें रचलेलें आहे. बाबा तेथें बराच वेळ पाण्याच्या पाटाकडे पाहत राहिले व शेवटीं म्हणाले, “पाट काढणारानं उतार चांगला धरलाय.” उद्यानाविषयीं त्यांचा अभिप्राय एवढाच.

संध्याकाळीं निघावयाच्या वेळीं आमच्या मनांत पाप आलें. बाबा धोतर, सदरा व टोपी घालून, गळ्यांतील तुळशीची माळ सारखी करून दारांत उभे होते. शेतांत हांका मारून मारून त्यांचा आवाज मोठा झालेला. तो आवाज त्या नव्या ढंगाच्या खाद्यगृहांत घुमूं लागला म्हणजे आसपासचीं माणसें वळून पाहतील, या विचारानें आम्ही अस्वस्थ झालों. जिन्यांत दादांस गांठून आम्ही हलकेंच म्हणालों, “बाबा माळकरी. त्यांना तिथें काय चालणार? त्यांना खोलीवरच वरणभात करून ठेवूं या का?” दादांनीं आमच्याकडे एकदां पाहिलें. उत्तर दिलें नाहीं. आमच्या बोलण्यांत बाबांच्या माळेची काळजी किती होती आणि स्वतःच्या प्रतिष्ठेची किती, हें त्यांस बहुधा कळलें असावें.

खाद्यगृह फार भपकेबाज नव्हतें. एका बाजूस खुर्च्या-टेबलें होतीं. दुसऱ्या बाजूस लांकडी चौथऱ्यावर बुटकीं मेजें मांडून भोंवतीं आसनें ठेविलीं होतीं. तेथें पादत्राणें काढून बसावयाचें. बाबांनीं वहाणा काढल्या, मांडी घातली आणि घरच्या ओसरीवर बसावें तसे बसले. शेजारच्या मेजाशीं शहरांतील कांहीं तरुण होते. ते कधीं एक पाय लांब करीत, कधीं दुसरा. आमचीहि स्थिति त्यांच्यासारखीच. वर्गांतील बाकांनीं आमच्या मांडीची संवय मोडून टाकली आहे, हें तेथें प्रथम ध्यानांत आलें.

जेवण आणून देणारी मुलगी मणिपूरची होती. बाबांनीं तिला आमच्याकडील हिंदींत विचारलें, “बेटी, इसमें मच्छी तो नहीं ना?” आमचा भाग १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता, त्या वेळची बोली आमच्या वडील माणसांच्या जिभेवर अजून आहे. आम्हीं मान खालीं घातली. मुलगी मात्र हंसली नाहीं कीं कंटाळली नाहीं. ती आंत जाऊन विचारून आली. किमची म्हणजे कोबी, मुळा इत्यादि भाज्या मिठांत व मिरचींत आंबवून केलेलें कोरियन लोणचें. त्यांत खारवलेल्या मासळीचा अंश आहे, असें तिनें येऊन स्पष्ट सांगितलें. रस्सा मात्र दादांनीं आधींच सांगून ठेविल्याप्रमाणें मासळीवांचून, अळंबी व कोंबु नांवाचें समुद्रशेवाळ उकळून केलेला होता. शेवाळ म्हटल्यावर आम्हांस वाटलें कीं, आतां बाबा उठतात. त्यांनीं क्षणभर विचार केला व म्हणाले, “पाण्यांतली भाजीच ती. शिंगाडा नाहीं का आपण उपासाला खात?”

यावर दादांनीं एक गोष्ट सांगितली, ती ऐकण्यासारखी आहे. जपानांतील बौद्ध मठांत शोजिन र्‍योरी नांवाची पाकपद्धति फार पूर्वींपासून चालत आली आहे; कोरियाच्या मठांतहि तसेंच अन्न असतें. त्यांत मांस-मासळी तर नाहींच, परंतु कांदा-लसूणहि वर्ज्य. बाबा चातुर्मासांत कांदा-लसूण खात नाहींत. ते चकित होऊन म्हणाले, “म्हणजे त्यांचाहि चातुर्मास आहे म्हणा कीं!” दादा म्हणाले, “त्यांचा बारमाही आहे, बाबा.” परक्या मुलुखांतील न पाहिलेल्या साधूंविषयीं बाबांच्या चेहऱ्यावर जो आदर उमटला तो आम्हांस अजून दिसतो.

थोड्या वेळानें मेज भरून गेलें. कोरियन लोकांत मुख्य पदार्थाबरोबर लहान लहान वाट्यांतून पुष्कळ तोंडी लावणीं येतात. त्यांस बानचान म्हणतात. मोड आलेलें सोयाबीन, पालक, मुळा, किमची अशा वाट्या पुढें आल्या. बाबांसाठीं सोयाबीनच्या आंबवलेल्या पिठल्याचा, म्हणजे दोएंजांगचा, गरम रस्सा, त्यांत टोफूचे पांढरे चौकोनी तुकडे, व बाजूस भात. दादांसाठीं बिबिम्बाप, म्हणजे तापलेल्या दगडी भांड्यांतील भात, भाज्या व तिखट चटणी यांचें मिश्रण. आमच्यापुढें भाज्यांची जपानी करी व भात. भूक लागली होती. आम्हीं दोन काड्या ऐटींत उचलल्या, भाताची दोन ढेंकळें कशीबशी तोंडांत टाकलीं, तिसरें धोतराच्या सोग्यावर पाडलें; आणि तें धोतर आमचें नव्हतें.

तेवढ्यांत शेजारच्या मेजाकडे लक्ष गेलें. तेथें एक कोरियन कुटुंब बसलें होतें: एक वृद्ध गृहस्थ, मुलगा, सून, आणि दोन लहान नातवंडें. त्यांच्यापुढें वाफाळणारें अन्न येऊन बराच वेळ झाला होता. मुलांच्या नजरा वाट्यांवर खिळल्या होत्या, हात मात्र मांडीवर. आजोबांनीं चमचा उचलला, एक घोट घेतला, आणि मग इतरांचे हात हलले. दादा हलक्या आवाजांत म्हणाले, “यांच्यांत वडील माणसानं चमचा उचलल्याशिवाय धाकट्यांनीं जेवायला लागायचं नसतं. अरे, बाबांनीं अजून घास घेतला नाहीं.”

आम्हीं पाहिलें. बाबा हात जोडून, डोळे मिटून बसले होते. जेवणापूर्वींचा श्लोक ते मनांतल्या मनांत म्हणत होते. जपानी लोकहि जेवण्यापूर्वीं हात जोडून ‘इतादाकिमासु’ म्हणतात; ‘नम्रपणें स्वीकार करितों’ असा त्या शब्दाचा भाव आहे. ज्या बाबांच्या रीतिभातींची आम्हांस लाज वाटत होती, त्यांची रीत त्या परक्या पंगतीशीं तंतोतंत जुळत होती. चुकला होता तो काड्या मिरविणारा, इंग्रजी शब्द जाणणारा त्यांचा मुलगा. आम्हीं काड्या खालीं ठेविल्या. मग दादांनीं सांगितलें कीं, कोरियन माणूस भात लांब दांड्याच्या चमच्यानेंच खातो. काड्या तोंडी लावण्यांसाठीं. बाबांनीं आरंभापासून चमचाच हातीं धरला होता!

मासळीचा अंश असलेली किमचीची वाटी बाबांनीं उजव्या हातानें आमच्याकडे सरकविली. नाक मुरडलें नाहीं कीं तोंड फिरविलें नाहीं. “तुम्ही खा,” ते म्हणाले, “करणारानं मन लावून केलंय.” किमची खातांना आमच्या मराठवाडी जिभेस ओळखीची झणझण लागली. पुढें शाळेच्या वाचनालयांत पुस्तकें चाळतां असें समजलें कीं, ही मिरची मूळची अमेरिका खंडांतील. भारतांत ती सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांबरोबर आली, आणि कोरियांतहि त्याच शतकाच्या अखेरीच्या सुमारास पोंचली असें मानतात. नामदेवांच्या काळीं नरसींतील कोणींहि मिरची चाखलेली नव्हती! आज मिरचीवांचून आपला ठेचा नाहीं व त्यांची किमची नाहीं. आणि दोघेहि तिला आपल्याच घरची समजतात.

आमच्या ताटांतील करीचा वास घेऊन बाबा म्हणाले, “यांत हळद आहे.” वसमतच्या बाजारांत हळदीचे ढीग वासावरून पारखणारें नाक तें, चुकणार कसें? वसमतच्या हळदीस २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, हें आमच्या वाचकांस ठाऊकच असेल. जपानी करीचा पिवळा रंग हळदीचाच. करी जपानांत प्रथम पोंचली ती एकोणिसाव्या शतकांत, इंग्रजांच्या मार्फत. पुढें क्रांतिकारक रासबिहारी बोस १९१५ सालीं हिंदुस्थानांतून निसटून जपानांत गेले. तोकियो शहरांतील नाकामुराया नांवाच्या पावाच्या दुकानाच्या मालकांनीं त्यांस लपवून ठेविलें. १९१८ सालीं त्यांच्या कन्येशीं, तोशिको हिच्याशीं, बोसबाबूंचा विवाह झाला. १९२७ सालीं त्या दुकानानें उपाहारगृह काढलें, तेव्हां बोसबाबूंच्या सांगण्यावरून तेथें अस्सल हिंदी पद्धतीची करी मिळूं लागली. देशास मुकलेल्या माणसानें आपल्या घरची चव परक्या भूमींत अशी लावली. बाबांस ही गोष्ट आम्हीं मागाहून वाचून दाखविली, तेव्हां ते एवढेंच म्हणाले, “घरची आठवण जिभेलाच आधीं येते.”

बाबांनीं टोफूचा तुकडा तोंडांत घातला व विचारलें, “हें पनीर कसल्या दुधाचं?” दादा म्हणाले, “सोयाबीनच्या.” बाबांचा चमचा थांबला. मग दादांनीं एकेक वाटीवर बोट ठेवून सांगितलें: हें मोड आलेलें तें सोयाबीन, रश्शांतलें पिठलें तें सोयाबीन, ही काळसर चटणी-पाणी, ती सोयाबीनचीच, जपानी लोकांचें मिसो, तेंहि सोयाबीन. कोरियन बाया सोयाबीन शिजवून, कुटून त्याच्या विटा करितात, भाताच्या पेंढ्यानें बांधून त्या टांगून वाळवितात, आणि मग मिठाच्या पाण्यांत, मोठ्या मातीच्या रांजणांत महिनोगणती मुरत ठेवितात. वरचें पाणी तो सोयासॉस. खालचा गाळ तें दोएंजांग. त्या वर्षींच्या डिसेंबरांत युनेस्को संस्थेनें या कलेस मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादींत स्थान दिलें. मणिपूरची ती मुलगी जवळच उभी होती. ती म्हणाली कीं, त्यांच्याकडेहि सोयाबीन उकडून आंबवितात. त्यास हवाईजार म्हणतात. म्हणजे कोरियास ठाऊक, जपानास ठाऊक, मणिपूरलाहि ठाऊक. आणि पोत्यांनीं सोयाबीन पिकविणाऱ्या आम्हांस मात्र त्याची चव ठाऊक नाहीं!

बाबांनीं त्या रश्शाची किंमत विचारली. साडेचारशें रुपये. त्या वर्षीं सोयाबीनचा हमीभाव क्विंटलास ४८९२ रुपये ठरला होता. बाजारांत तो मिळत नव्हता. आमचें सोयाबीन दिवाळीनंतर मोंढ्यांत ४१०० रुपयांनीं गेलें होतें. बाबांनीं बोटांच्या पेरांवर हिशेब केला. “एक्केचाळीस रुपये किलो गेलं आपलं. म्हणजे या वाटीला अकरा किलो पडले. आणि वाटींत दाणे किती? मूठभर.” आम्हांस वाटलें कीं, आतां ते खर्चावरून दादांस बोलणार. परंतु ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “महाग नाहीं म्हणत मी. करणाराची मेहनत आहे त्यांत. पण ती मेहनत आपण कां नाहीं केली?”

या प्रश्नास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. सोयाबीनच्या शंभर भागांत सुमारें चाळीस भाग प्रथिन व वीस भाग तेल असतें, हें आम्हीं वाचलें होतें. परीक्षेंत लिहून गुणहि मिळविले होते. परंतु तें प्रथिन आपल्या घरांतून बाहेर जातें आणि आपण त्याकडे पाहत राहतों, हें कधीं मनांत आलें नव्हतें.

परत येतांना बसमध्यें दिवे मालवल्यावर बाबा म्हणाले, “जिन्यांत तूं दादाला काय म्हणालास, तें मी ऐकलं होतं.” आम्हांस बस तेथेंच थांबावी व आपण उतरून जावें असें झालें. बाबा पुढें म्हणाले, “मला तालुक्याच्या शाळेंत घातलं तेव्हां माझा बाप भाकरी द्यायला यायचा. त्याचं मुंडासं बघून मलाबी लाज वाटायची. ‘आत येऊं नको, फाटकापाशीं ठेव’ म्हणायचो. त्यानं ऐकलं होतं का नाहीं, कोण जाणे. विचारायचं राहून गेलं.” एवढें बोलून त्यांनीं आपलें पांघरूण अर्धें आमच्या अंगावर ओढलें. आम्हीं क्षमा मागितली. ती नीट शब्दांत मागतां आली नाहीं. अंधार होता, हें एका परीनें बरें झालें.

घरीं आल्यावर आईनें दोन किलो सोयाबीन रात्रभर भिजत घातलें. सकाळीं तें वाटलें, भरपूर पाणी घालून उकळलें, फडक्यांतून दूध गाळलें आणि लिंबू पिळून नासविलें. पहिल्या खेपेस दूध बुडाशीं लागलें व सर्व घरास करपट वास सुटला. दुसऱ्या खेपेस मात्र पांढरी, मऊ वडी जमली. आईनें हळद व ठेचा घालून ती तव्यावर परतली. ताटें वाढलीं, आणि आम्ही मांडीवर हात ठेवून बसलों. बाबांनीं आमच्याकडे पाहिलें, हंसले, आणि पहिला घास घेतला. “चव आहे,” ते म्हणाले. शेजारच्या चार बाया विचारून गेल्या. त्यामुळें मोंढ्यांतील भाव कांहीं वाढला नाहीं; त्याचें दुःख अजून आहेच. परंतु पुढील हंगामांत सगळें सोयाबीन विकलें गेलें नाहीं. दोन पोतीं घरांत राहिलीं, आणि त्यांवर बाबांनीं आपल्या हातानें खडूनें लिहिलें: ‘खायला.’

औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो वेधशाळा उभारण्याच्या कामास केंद्र सरकारनें २०२३ सालच्या एप्रिलांत मंजुरी दिली. जपानांत कामिओका येथें कागरा नांवाची तशीच वेधशाळा आहे. उद्यां तिकडील शास्त्रज्ञ आमच्या जिल्ह्यांत आले, तर त्यांस भाकरी मोडतांना पाहून कोणी हंसूं नये. त्या मणिपूरच्या मुलीप्रमाणें, पानांत काय आहे तें त्यांस खरें खरें सांगावें. आणि त्यांच्याबरोबर कोणी वृद्ध गृहस्थ असतील, तर पहिला घास त्यांस घेऊं द्यावा. एवढें जरी आपणांस साधलें, तरी आजीच्या परीक्षेंत आम्ही पुढच्या खेपेस उत्तीर्ण होऊं, अशी आशा आहे.